पेंढ्याच्या माणसाला पाजलेलं पाणी

जव्हारच्या एका मुकादमाने आम्हाला फसवलं. माझ्या आईला, माझ्या वहिनीला, मला, आणि सगळ्यांत जास्त माझ्या थोरल्या भावाला. त्याने जित्या माणसाच्या मरणाची साक्ष दिली आणि मग आमच्याच अंगणात बसून त्याच्या दिवसाचा भात जेवला. माणूस अजून आहे. बाजाराच्या दिवशी ओसरीवर बसतो, येणारेजाणारे त्याला रामराम करतात. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. जव्हारात ते लिहायची गरज नाही.

मी पोशेऱ्याच्या वरच्या पाड्यावरचा. बापाची जमीन उताराची, तिच्यात नाचणी आणि थोडी वरई. मी डोक्यावर हिरड्याचं ओझं घेऊन जव्हारचा चढ चढायला लागलो तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. अक्षरं मी व्यापाऱ्यांच्या गोणींवरून शिकलो. पुढे हिरडा, मग बांबू, मग साग. मोखाड्यापासून जव्हारपर्यंत मला काट्यात मारणारा व्यापारी नाही. माझ्या तोंडाला लोक भितात हे मला ठाऊक आहे, आणि भितात ते बरं आहे. पण या माणसाने मला माझ्याच अंगणात, दिवसाढवळ्या, आईच्या समोर मारलं, आणि मला कळलंसुद्धा नाही.

आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आगगाडीच्या इंजिनांना जाळायला लाकूड लागतं. ते तोडायला जंगलातली माणसं हवीत, म्हणून हा मुकादम आमच्या पाड्यांवर फिरला. एक पावसाळा आणि एक उन्हाळा, मग परत, असं त्याचं बोलणं. माझा भाऊ कुऱ्हाडीला फार हलका होता, त्याच्या हातात ती जड वाटतच नसे. तो गेला तेव्हा त्याची मुलगी अंगावर पीत होती. जाताना त्याने कमरेला आकडी बांधली. आमच्याकडे कोयता हातात धरून हिंडत नाहीत. कमरेमागे एक लाकडी आकडी बांधतात, तिच्यात कोयता अडकवतात. बापाने आम्हा दोघांना तिवसाच्या लाकडाच्या आकड्या करून दिल्या होत्या आणि टोकाला मोराची मान काढली होती. अशी मान दुसऱ्या कुणाच्या आकडीला नव्हती. बापाचा तो शौक.

दोन पावसाळे गेले आणि मुकादम एकटा आला. साथ आली, म्हणाला. तुमचा मुलगा माझ्या मांडीवर गेला.

परमुलखात मेलेल्याचं आमच्याकडे कसं करतात ते सांगितलं पाहिजे, नाहीतर त्याने काय केलं ते कळणार नाही. देह नसतो, म्हणून भाताच्या पेंढ्याचा माणूस करतात. त्याला धोतर नेसवतात. पण आग देण्याआधी, ज्याने मरण डोळ्यांनी पाहिलं त्याने त्या पेंढ्याच्या माणसाच्या तोंडात पाणी घालायचं. तो पाणी घालतो तेव्हाच मेलेला मेला. साक्षीदार नसेल तर आग देत नाहीत. बाई कुंकू लावते, आई वाट बघते, मग किती का वर्षं जाईनात. पाणी पडलं की सगळं संपतं. मग सागाच्या फळीवर घोडेस्वार कोरायचा, वर चंद्र-सूर्य काढायचे, आणि ती फळी आंब्याखाली बापजाद्यांच्या रांगेत पुरायची. तिला आम्ही वीर म्हणतो. वीर बसला की तो माणूस घराचा नाही, देवाचा.

मुकादमाने पळसाच्या पानाचा द्रोण केला. आईने त्यात पाणी ओतलं. त्याने ते पेंढ्याच्या तोंडात घातलं, एक थेंब बाहेर सांडला नाही. मी समोर उभा होतो, मी बघितलंय.

पुढच्या माघात जातीच्या रीतीने माझ्या वहिनीचा माझ्याशी पाट लागला. धाकट्या दिराशी लावतात, पोर घरातच राहतं. आईचा तसा शब्द होता, पंचांचाही. मी कुणाला हिसकावून आणली नाही. मुलगी मला बा म्हणायला लागली, नंतर आम्हाला मुलगा झाला. वहिनी माझ्याशी रोज भांडायची आणि मी तिच्याशी, पण आमचा संसार चालला.

काही वर्षांनी मुंबईच्या एका लाकूडवाल्या शेठला आफ्रिकेतले वासे आणि इमारती लाकूड बघायला जायचं होतं. लाकडाला नुसतं बोट मारून आतली कीड सांगणारा माणूस त्याला बरोबर हवा होता. मी गेलो. आगबोट ओकाऱ्या काढायला लावते, याखेरीज जातानाचं काही सांगण्यासारखं नाही. माल बघितला, अर्धा नाकारला. परतीला आगबोट झांजीबार बेटाच्या बंदरात सकाळी लागली आणि संध्याकाळी सुटणार असं कळलं. शेठ म्हणाला, “चल, जमिनीवर पाय ठेवू. तू पण माणसात ये.”

बंदराच्या आधीच लवंगेचा वास आला. समुद्रात, पाण्यावर, लवंगेचा वास. होडीतून उतरलो तर गल्लीच्या दोन्ही बाजूंना चटयांवर लवंगा वाळत घातलेल्या, बायका पायाने त्या परतत होत्या. घरांचे दरवाजे केवढे जाड, केवढी कोरीव कामं त्यांवर, आणि गल्ली एवढी अरुंद की समोरून गाढव आलं तर आपण भिंतीला चिकटायचं. कुठेतरी नारळाची सोडणं जळत होती. मला तो मुलूख आवडला, हे लिहिताना आता लाज वाटते.

आईसाठी लवंग घ्यायची म्हणून मी एका कच्छी दुकानदाराकडे बसलो. लवंग नखाने दाबली की तेल सुटलं पाहिजे. त्याची सुटत नव्हती.

“ही वाफवून तेल काढलेली आहे,” मी म्हटलं.

“शेठ, ही आजची. झाडावरून उतरली तशी.”

“मग पाण्यात टाक. आडवी तरंगली तर तुझी, बुडाली तर माझी.”

तो हसला आणि आतली बरणी काढायला उठला. माझा शेठ म्हणाला, “अरे, इकडे पण तू जव्हारचा बाजार मांडला?” मी त्याला उत्तर देण्यासाठी मान वळवली, आणि समोरून एक माणूस पाठमोरा गेला. तिथलाच, काळा, उंच, माडावर चढणारा असावा, खांद्यावर दोर होता. कमरेमागे कोयता होता. कोयता आकडीत होता.

मी लवंगा तशाच टाकल्या. गल्लीत त्याला गाठलं आणि मागून त्याची कमर धरली. त्याला वाटलं मी कोयता हिसकावतोय, त्याने मला भिंतीवर ढकललं. मी हात जोडले आणि आकडीला बोट लावलं. लाकूड तिथलं होतं, पिवळट, मला अनोळखी. टोकाची मोराची मान माझ्या बापाची होती.

“ही कुठली?” मी हिंदुस्तानीत विचारलं.

बंदरातले लोक थोडी हिंदुस्तानी समजतात. तो म्हणाला, “वाडीवर एक हिंदी आहे. तो करतो. चांगली आहे, चढताना हात मोकळे राहतात.”

शेठने मला सांगितलं, “बोट सुटेपर्यंत ये. माझं तिकीट वाया घालवू नको.” मी ऐकलं न ऐकलं केलं आणि त्या माणसामागे निघालो. माड, मग लवंगेची झाडं, लाल माती, आमच्यासारखीच. उतारावर एका ठिकाणी पालापाचोळा जाळून केलेली काळी जमीन दिसली आणि तिच्यात हिरवी रोपं. राब होता तो. भाजून केलेली रोपवाटिका. शेजारी नाचणी वर आली होती. मला तिथेच बसावंसं वाटलं.

खोपटापुढे माझा थोरला भाऊ फाटी फोडत होता. कुऱ्हाड वर गेली ती तशीच राहिली. मी त्याच्या पायांकडे बघितलं.

“पाय बघतोस रं?” तो म्हणाला. “सरळच आहेत. तुझे दाखव.”

आमचं सगळं बोलणं घरच्या बोलीत झालं. वाचणाऱ्याला कळावं म्हणून मी इथे ते बाजारच्या मराठीत लिहितो. त्यात त्याचा आवाज येत नाही, पण माझ्याजवळ दुसरं काही नाही.

त्याने मला खोपटात नेलं. केस पिकले होते. कमरेमागे बापाने केलेली आकडी होती, तिच्यात कोयता. नाचणीची भाकर होती, ती त्याने मोडली, अर्धी मला, अर्धी त्याला, एकाच पानावर. “इथल्या लोकांना नाचणी ठाऊक आहे,” तो म्हणाला. “मी आलो तेव्हा वाटलं मीच आणली.” मग विचारलं, “आयस?”

“आहे. दिसत नाही फारसं.”

“पोरगी?”

“शेळ्या राखते. कपाळ तुझं घेतलंय.”

“मग तिचं लगीन कठीण आहे,” तो म्हणाला आणि हसला.

मी म्हटलं, “दादा, तू आला का नाहीस?”

“कुणाबरोबर येऊ? मुकादमाने आम्हाला दुसऱ्या ठेकेदाराच्या हवाली केलं आणि स्वतः बोटीत चढला. आम्ही किनाऱ्यावर उभे होतो. म्हणाला, पुढच्या बोटीला न्यायला येतो. हात हलवला त्याने. साथीत बाकीचे गेले, मी तेवढा वाचलो, पोटासाठी इकडे बेटावर आलो. वाटलं, तुम्ही कुणीतरी विचाराल त्याला.”

“विचारलं,” मी म्हटलं. “तो म्हणाला, तू मेलास.”

तो भाकर चावत होता. चावता चावता थांबला.

“नुसतं म्हणाला?”

मी हातातला तुकडा परत पानावर ठेवला.

“पाणी घातलं?”

“घातलं.”

“वीर?”

“आंब्याखाली. बापाच्या शेजारी.”

माझ्या भावाने पानावरचे कण बोटाने गोळा केले. मग म्हणाला, “घोडा काढलाय?”

“काढलाय.”

“जिता होतो तेव्हा कुणी गाढवावर बसवलं नाही. मेल्यावर घोडा दिलात.” आणि मग त्याने आपली अर्धी भाकर पानावरून उचलली, सरकून दाराकडे गेला आणि माझ्याकडे पाठ करून बसला. आमच्याकडे मेलेल्याचं पान वेगळं मांडतात. त्याच्या बरोबर जेवत नाहीत. ते त्याने माझ्यासाठी केलं, मला विटाळ होऊ नये म्हणून. मी त्याला हाताने ओढलं, शिव्या दिल्या, म्हटलं इकडे तोंड कर. त्याने तोंड वळवलं नाही. भाकर संपवली, हात धुतला, आणि तसाच पाठमोरा बोलला.

“तिचा पाट कुणाशी लावला?”

मी म्हटलं, “माझ्याशी.”

दारासमोर दोन कोंबड्या फिरत होत्या. त्यातली एक आत आली आणि त्याच्या पायाशी पडलेला भाकरीचा कण टिपून गेली.

“बरं झालं,” तो म्हणाला. “घरातच राहिली. भांडते का?”

“रोज.”

“मग बरी आहे.”

त्यानंतर मी जे केलं ते मला येतं तेवढंच केलं. मी सौदा केला. म्हटलं, पोशेऱ्याला येऊ नकोस, जव्हारात माझी वखार आहे, तिथे राहा. वखार तुझ्या नावावर करतो. म्हटलं, आयस एकदा हाताने तुझं तोंड चाचपेल, तेवढ्यासाठी चल. म्हटलं, वहिनीलाच विचारू, ती म्हणेल त्या घरात ती राहील. तेव्हा तो चिडला. इतक्या वेळात एकदाच.

“काय विचारशील तिला? पोराच्या बापाला सोडतेस का, की पोरीच्या? अशी वस्तू मांडतोस तू बाजारात?”

मला कुणी गप्प बसवलं तो एवढाच दिवस.

तरी तो माझ्याबरोबर बंदरावर आला. मी मनात म्हटलं, किनाऱ्यावर आला म्हणजे अर्धा आला. वाटेत त्याने एका झाडाची फांदी वाकवून मला लवंगेच्या हिरव्या कळ्या तोडून दिल्या. “नखाने दाब,” तो म्हणाला. दाबली तर बोटं तेलाने भिजली. बंदरावर शेठ छत्री घेऊन उभा होता. मी सांगितलं हा माझा भाऊ. शेठला सगळं ठाऊक नव्हतं, पण तो भला माणूस. म्हणाला, “डेकवर जागा आहे. चढव त्याला, मी बघतो.”

होडी पाण्यात डुलत होती. मी आत बसलो आणि हात पुढे केला. त्याने एक पाय पाण्यात घातला. पाणी त्याच्या घोट्याला लागलं. तो तसाच उभा राहिला, एक पाय वाळूत, एक पाण्यात.

“शेतात नाचणी उभी असेल ना?” तो म्हणाला.

“कणसं भरत आली असतील.”

“ज्याचा वीर बसलाय तो चालत शिवेत आला तर पीक जळतं. पोरं आजारी पडतात. पाड्यावर एक पोर खोकलं तरी लोक माझ्याकडे बघतील. तू भांडशील. किती जणांशी भांडशील?”

“सगळ्यांशी.”

“ते आहेच,” तो म्हणाला. “पण मलाही तसंच वाटतं, बारक्या. लोकांचं सोड. मलाच वाटतं की मी मेलोय. ज्याने पाणी घातलं त्याने स्वतःच्या हाताने वीर उपटला, आणि मी पाहिलं नव्हतं असं सगळ्यांपुढे म्हटलं, तर बघू. मग निरोप पाठव.”

त्याने पाय पाण्यातून काढला. होडीवाला ओरडत होता, मी त्याच्यावर ओरडलो, शेठने माझा दंड धरला. होडी हलली तेव्हा मी मागे बघितलं. माझ्या भावाने हात हलवला नाही. मुकादमाने हलवला होता म्हणून असेल.

घरी आलो. आईला सांगितलं. ती रडली नाही. चुलीवरचं मडकं उतरवलं, काठी शोधली आणि म्हणाली, मला आंब्याखाली ने. तिथे तिने त्या फळीवरचा शेंदूर लुगड्याच्या पदराने पुसून काढला, बोटाने चाचपत, घोड्याच्या पायांपर्यंत. म्हणाली, “हा माझा नाही. हा कुणाचा आहे ते त्याला विचार.” वहिनीने फक्त एवढं विचारलं की कोयता आहे का त्याच्याजवळ. आहे म्हटल्यावर तिने मान हलवली आणि धान कांडायला बसली. त्या दिवसापासून ती माझ्याशी भांडत नाही. मी मुद्दाम भांडण काढून बघितलं. ती भाकर वाढते आणि चुलीकडे वळते.

मी मुकादमाकडे गेलो. त्याने माझ्यापुढे विड्याचं पान केलं.

“साथ होती बाबा,” तो म्हणाला. “माणसं पटापट जात होती. एक गेला का दुसरा, कुणाचा हिशोब राहतो?”

“माझा भाऊ तुझ्या मांडीवर गेला म्हणालास.”

“आईच्या जिवाला बरं वाटावं म्हणून म्हटलं. जो तिकडे राहिला तो मेल्यासारखाच. तुमची बाई रिकामी झाली, तुझं घर भरलं. तुझं वाईट काय झालं?”

मी त्याची पानाची पेटी रस्त्यात फेकली. लोक जमले, त्यांनी मला धरलं, त्याला नाही. पंचांकडे गेलो. पंच म्हणाले, साक्ष ज्याची तोच ती मागे घेऊ शकतो, दुसऱ्याने वीराला हात लावला तर दोष लागतो. मी म्हटलं, मग त्याला बोलवा. ते म्हणाले, तो मोठा माणूस, बोलावून येईल का? ज्याने पाणी घातलं तेव्हा हे सगळे साक्षी होते, त्याच्या दाराशी जायला यांना वाट सापडत नाही.

आता आई थकली आहे. आंब्याखाली ती फळी बिनशेंदराची उभी आहे, पावसाने करडी झालेली. भगत म्हणतो वीर उपाशी ठेवू नये. आई म्हणते, त्याला जेवू घालीन तर माझा पोर मरेल. दोघांच्या मध्ये मी. दर वर्षी शेठची माणसं आफ्रिकेला जातात, आणि दर वर्षी मी त्यांच्या हाती निरोप पाठवत नाही, कारण पाठवायला निरोप नाही.

म्हणून हे लिहिलं. जव्हारात ज्यांना वाचता येतं त्यांनी वाचावं, आणि ज्याला ऐकवायला हवं त्याच्या ओसरीवर, बाजाराच्या दिवशी, मोठ्याने वाचून दाखवावं. मुकादमा, मला तुझ्याकडून दुसरं काही नको. पोशेऱ्याला ये. वाट तुला ठाऊक आहे, आमचा भात तू जेवलास तीच. माझी आई जिवंत आहे तोवर ये. तिच्यासमोर, माझ्या घरकारणीसमोर, आणि त्या मुलीसमोर, जिचं कपाळ तिच्या बापाचं आहे, उभा राहा. ज्या हाताने पेंढ्याच्या माणसाला पाणी पाजलंस त्याच हाताने ती फळी उपट आणि सांग की मी पाहिलं नव्हतं. मग माझा भाऊ कुठल्या घरात राहील, ते आम्ही तिघं बघून घेऊ. तू आधी ये, आणि उत्तर दे.